ऑक्टोबर छाटणी, सहामाही परीक्षा आणि घरात रजा कुणालाच नाही

वारणेची_लेक | गुरुवार, रात्री ११:०५

पोरं झोपलीत, नवरा सेकंड शिफ्टवरून यायचाय, तेवढ्यात लिहून टाकते. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मी एका बँकेत, काउंटरला. नवरा कुपवाड एमआयडीसीत, एक आठवडा फर्स्ट आणि एक आठवडा सेकंड. थोरली पहिलीत. धाकट्याला तीन पूर्ण व्हायचीत, जूनपासून बालवाडीत घातलंय, साडेअकराला सुटतो. सासर तासगाव तालुक्यात, मणेराजुरीच्या बाजूला. अडीच एकर द्राक्षबाग आहे.

पाऊस सुरू झाला की सासूबाई आमच्याकडं येतात, असं बसून गेलंय. जून ते सप्टेंबर बागेत फवारण्या सोडल्या तर त्यांच्यावाचून फार अडत नाही, सासरे आणि दीर बघतात. त्या असल्या की धाकट्याला आणणं, भरवणं, झोपवणं, थोरलीचं दप्तर, दारात आलेला गॅसवाला, सगळं परस्पर होतं. मी सहाला येते तेव्हा घरात चहा उकळत असतो. पण दसरा जवळ आला की त्यांची चुळबूळ सुरू होते. रोज गावाकडं फोन. काडी तपासली का, बायका किती सांगितल्या, पेस्ट आणली का. छाटणीला एकदा गेल्या की पुढं विरळणी, डिपिंग (म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), मग काढणी, मग बेदाणा. मार्च उजाडतो. मार्चमध्ये माझं इयर एंड.

गेल्या साली माझी आई शिराळ्याहून येऊन राहिली होती. यंदा वहिनीचं बाळंतपण आहे, ती हलू शकत नाही.

तर यंदा नवऱ्याचं म्हणणं असं की आईनं जाऊच नये. "दोन बायका जास्त लावू, हजेरी आपण देऊ, तेवढाच खर्च." हे तो जेवताना सगळ्यांदेखत बोलला. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, ताट घेऊन उठल्या. सकाळी त्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली.

त्यात धाकट्याला परवापासून ताप. तोंडात फोड, तळहात-तळपायावर पुरळ. डॉक्टरांनी हात-पाय-तोंडाचा आजार सांगितलाय. बालवाडीनं आठवडाभर पाठवू नका म्हटलंय. थोरलीची सहामाही सोमवारपासून. आमच्या ब्रँचला एकजण आधीच रजेवर, त्यामुळं माझी रजा म्हणजे साहेबांचा चेहरा बघायलाच नको.

त्या थांबायला हव्यात असं मला वाटतं, लपवून काय करू. पण "थांबा" म्हणायला जीभ वळत नाही. तुमच्याकडं हे कसं चालतं?

शंभरफुटी | गुरुवार, ११:२२

पाळणाघर बघ. आजच्या आज. सासूबाई थांबल्या तरी बघ.

हरभट_रोड | गुरुवार, ११:४०

राग मानू नका, पण आमच्या आईनं चार पोरं वाढवली. वर दुकानातली हळद निवडली, सासू-सासऱ्यांचं केलं. ना पाळणाघर, ना बाई. आता दोन पोरांना चार माणसं कमी पडतात. पूर्वीच्या बायका रडत बसत नव्हत्या इतकंच म्हणतो.

गावभागातली | गुरुवार, ११:४८

तुमच्या आईला विचारलंय का कधी, की गृहीतच धरलंय? आमचा पण गावभागातलाच वाडा होता. एका चौकात पाच बिऱ्हाडं, सतरा पोरं. माझी आई दळणाला गेली तर मी शेजारच्या काकूंकडं जेवलेली असायचे आणि आईला ते रात्री कळायचं. चार पोरं एकट्या बाईनं वाढवली हे म्हणणं सोपं आहे, त्या वाड्यातल्या बाकीच्या बायकांची नावं त्यात कुणी घेत नाही. आता फ्लॅटचं दार लावलं की समोरच्या घरात कोण राहतं तेसुद्धा पार्सल चुकीच्या दारी गेलं तरच कळतं.

आणि धागाकर्ती रडत बसलेली नाही. काउंटर सांभाळून रात्री अकराला लिहितेय ती.

हरभट_रोड | गुरुवार, ११:५५

बरं बाबा. राहिलं.

मिरजेचा_बालरोग | शुक्रवार, सकाळी ६:५०

बाकीच्या वादात पडत नाही, आजाराचं तेवढं सांगतो. पावसाळ्यात आणि पावसाळा संपता संपता आमच्या ओपीडीत हे भरपूर असतं. हा कॉक्सॅकी गटातल्या विषाणूंचा आजार, कांजिण्या नव्हेत. सात ते दहा दिवसांत आपोआप जातो, अँटिबायोटिकचं काम नाही. खरा त्रास तोंडातल्या फोडांचा असतो, पोर गिळायला तयार नसतं. गार ताक, दही-भात, गार केलेली पेज द्या. आंबट, तिखट, गरम नको. सहा-आठ तास शू झाली नाही, पोर मलूल पडलं, झटके आले, किंवा ताप तीन दिवसांच्या पुढं गेला तर वाट न बघता दाखवा.

सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका, या विषाणूला साबण-पाणीच चांगलं. पुरळ गेल्यावरही शी-वाटे विषाणू काही आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून लंगोट बदलल्यावर हात धुणं सोडायचं नाही. महिन्या-दीड महिन्यानं नखं सुटलेली दिसली तर घाबरू नका, या आजारानंतर काही मुलांत होतं, नवी नखं येतात.

आणखी एक, कारण तुमच्या घरी पोर तीन-चार हातांत फिरणार आहे. पॅरासिटामॉलचं सिरप बाजारात ५ मिलीत १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं. ड्रॉप्स तर १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतात. "एक चमचा दे" एवढं फोनवर सांगून भागत नाही. डॉक्टरांनी वजनावरून दिलेला डोस मिलीमध्ये बाटलीवरच चिकटपट्टी लावून लिहा आणि किती वाजता दिला ते फ्रिजवर लिहा. तापाला लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीच नाही.

वारणेची_लेक | शुक्रवार, ७:१०

डॉक्टर, चिकटपट्टीचं आत्ताच केलं. घरात दोन्ही बाटल्या निघाल्या, एक थोरलीच्या वेळची. धन्यवाद.

जतची_बाई | शुक्रवार, दुपारी १:३०

मधल्या सुट्टीत वाचतेय. आम्हा शिक्षिकांचं लोकांना वाटतं आरामाचं असतं. राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून बालसंगोपन रजा आहे, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत एकूण १८० दिवस. कागदावर उत्तम. पण ऐन परीक्षेत ती मागायला गेलं की समोरचा असा बघतो, जणू आपण त्याच्या खिशातून मागतोय. तरी मागायची. माझ्या मैत्रिणीनं पोराच्या टायफॉइडला घेतली आणि शाळा काही बंद पडली नाही.

बँकेचे नियम मला माहीत नाहीत. पण नवऱ्याच्या कारखान्यात पाळणाघर आहे का विचारा. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली.

जुळ्यांचा_बाप | शुक्रवार, १:५२

बाई, तो कायदा मी वाचलाय. दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मूल बघायची मुभा त्यात आईला आहे. बापाचं नावच नाही. आमच्या शॉपफ्लोअरवर मी हा विषय काढला तर लोक महिनाभर मला मावशी म्हणतील.

धागाकर्त्या ताई, मी पण शिफ्टवाला. आमची जुळी चार वर्षांची, बायको नर्स. तिची नाईट आणि माझी फर्स्ट एका आठवड्यात आली की आमचं घर उघड्यावर पडायचं. सुपरवायझरशी बोलून मी तीन महिने सलग सेकंड मागून घेतली. सेकंड कुणालाच नको असते, संध्याकाळ जाते म्हणून. त्यामुळं अदलाबदलीला माणसं पटकन मिळतात. तीन ते अकरा ड्युटी. म्हणजे सकाळपासून दोनपर्यंत घर माझं. पोरांना उठवणं, अंघोळ, शाळा, आणणं, जेवण, सगळं मी करायचो. दोनला बायको किंवा पाळणाघर. तुमच्या नवऱ्याला हे जमण्यासारखं आहे. आईनं किती दिवस थांबायचं यावर त्याचं मत आहे, तर स्वतःच्या शिफ्टवर पण असेलच की.

तोटा सांगतो. नवरा-बायकोची गाठ पडते ती रात्री साडेअकराला, दोघंही जांभया देत. आम्ही तेव्हा भांडणंसुद्धा चिठ्ठीवर लिहून करायचो.

गावभागातली | शुक्रवार, २:०५

चिठ्ठीवर भांडण! ठेवल्यात का त्या चिठ्ठ्या?

जुळ्यांचा_बाप | शुक्रवार, २:०७

बायकोनं ठेवल्यात. पुरावा म्हणून.

शंभरफुटी | शुक्रवार, रात्री ९:१५

थोरलीची शाळा किती वाजता असते गं? आमच्याकडं सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

वारणेची_लेक | शुक्रवार, ९:४०

नऊला. आधी साडेसातची होती. तेव्हा नवरा फर्स्टला असला तरी मी सोडून येऊन डबे करून दहाला बँकेत पोचायचे. नऊची झाल्यापासून रिक्षामामा साडेआठला येतात, त्याच वेळी धाकट्याचं आवरायचं, त्याच वेळी माझं. पोरगी झोपते नीट, ते मात्र खरं.

जतची_बाई | शुक्रवार, ९:५८

डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचं काढलं. शिक्षक म्हणून मला ते पटलं. साडेसातला डुलक्या काढणारी पोरं आम्ही वर्षानुवर्षं बघितली. आई म्हणून विचाराल तर माझी स्वतःची शाळा आणि पोराची शाळा आता एकाच वेळी भरते, त्याला सोडायचं कुणी यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

सांगलीवाडीचा | शुक्रवार, १०:२०

तुमचं नऊ आणि साडेसात चाललंय. आमच्याकडं जुलै-ऑगस्टात वेळापत्रक कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ठरतं. पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. तिशी ओलांडली की बायको पोरांची औषधं, रेशनकार्ड आणि शाळेचे दाखले एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवते. २०१९ ला सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा थोरला दोन वर्षांचा. नातेवाइकांकडं बुधगावला एका खोलीत अकरा माणसं होतो. पोरं मात्र खूश, आयुष्यात एवढी खेळायला माणसं कधी मिळाली नव्हती. विषयांतराबद्दल माफी.

अग्रणीकाठची | शनिवार, सकाळी ८:३०

मी कॉलेजला आहे, या विषयातलं मला काही कळत नाही. पण काल रात्री हा धागा आजीला वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, लिही. ती सांगतीय ते जसंच्या तसं टाईप करतीय.

"पोरी, तुझ्या सासूनं पिशवी रागानं भरली न्हाई. माणूस निघतो म्हणाला की घरातली समदी समजूत घालाया लागत्यात, मग पाय निघत न्हाई. म्हणून आधी पिशवी भरायची. मी बी तसंच केलंतं.

थोरल्या लेकाकडं पुण्याला मी दोन पावसाळं काढलं. नातवंडं गुणाची. सून बी वाईट न्हाई. पण सकाळी नवाला दार लागायचं ते सातालाच उघडायचं. मधी पोरगं पडलं, तापलं, रडून लालबुंद झालं, समदं माझ्या एकटीच्या अंगावर. इचारायला कोण न्हाई, बोलायला कोण न्हाई. बागंत ऊन लागतं, कंबर मोडती, पण पंधरा बायका असत्यात. हसत्यात, गाणी म्हणत्यात, एकीच्या सुनंचं दुसरीला सांगत्यात.

आन तुझा नवरा म्हणतो दोन बायकांची हजरी दिऊ. बाबा, मी हजरीवर जाती व्हय? माझा धाकला मला काडी दावल्याबिगर कात्री लावत न्हाई. काडीच्या कुठल्या डोळ्यात माल हाय ते मी हातानं चाचपून सांगती. आता लॅबात काडी तपासत्यात, तरी बी रिपोर्ट आल्यावर मला इचारतोय, आई तुला काय वाटतं. तुमच्या घरी मला काय इचारत्यात? पोरगं जेवलं का, शी झाली का.

मला नातवंडं नकोत असं न्हाई. पण मला कुणी इचारलं न्हाई, आई तू किती दिस देतीस. येऊन ऱ्हावा म्हणत्यात, न्हाईतर जावा म्हणत्यात. तू तिला येवढंच इचार. ती सांगंल. बाईला आपलं दिस मोजता येत्यात."

एवढंच. शेवटी म्हणाली, "त्या हळदवाल्याला सांग, त्याच्या आयला फोन लाव."

हरभट_रोड | शनिवार, ८:५५

आजी, लावतो.

गावभागातली | शनिवार, ९:०२

आजींना नमस्कार. अजून काही सांगायचं असेल तर लिही बाळ, लाजू नकोस.

भुरी_आणि_दावण्या | शनिवार, दुपारी ३:१०

मी बागायतदार, कवठेमहांकाळकडचा. ताई, तुम्ही बागेचं "ऑक्टोबर ते मार्च" असं सलग धरलंय, पण बाग तशी सलग राबवून घेत नाही. बायकांच्या कामाच्या हिशेबानं सांगतो.

छाटणी झाली की लगेच पेस्ट, मग फूट निघाली की फुटव्यांची विरळणी, मग घड बाहेर पडले की डिपिंग, मण्यांची विरळणी. इथवर माणूस हलू शकत नाही. यातच अवकाळी आला की दावण्या रोगाच्या भीतीनं रात्री बाराला फवारणीचा ब्लोअर जोडावा लागतो, तेव्हा घरात कोण आजारी आहे हेसुद्धा कुणी विचारत नाही. पण मणी विरळून झाले की तिथून मण्यात पाणी उतरेपर्यंत बायकांना काम कमी असतं. फवारणी, पाणी, खत, ते गडी बघतात. तुमची छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात असेल तर डिसेंबरचे मधले दिवस ते जानेवारीचे पहिले दिवस असा काळ मोकळा निघतो. काढणी छाटणीपासून चार महिन्यांच्या आसपास. बेदाणा करणार असाल तर शेडवर रॅकला माल टाकल्यावर आणखी दोन आठवडे. सासूबाईंना हे सगळं तोंडपाठ असणार, तुम्ही फक्त कॅलेंडर घेऊन बसा.

दुसरं. दिवाळीला पोरं तिकडं जाणार असतील तर सांगतो. नेमका तेव्हा फवारण्यांचा जोर असतो. फवारा मारलेल्या बागेत पोरांना त्या दिवशी अजिबात सोडू नका. रिकामे डबे आणि बाटल्या खेळायला घेतात, ते बघा. ड्रमातलं पाणी, एसटीपीचा (फवारणी पंपाचा) पाइप, यांना हात नको. छाटणीनंतर जी पेस्ट लावतो तिच्यात हायड्रोजन सायनामाईड असतं, कातडीला वाईट. हातमोजे घालून लावायची ती वस्तू, आणि उरलेली बादली अंगणात ठेवायची नाही. (ती लावल्यावर संध्याकाळी घेऊन बसणारे आमच्याकडचे काही बहाद्दर लालबुंद होऊन दवाखान्यात गेलेत. पेस्ट आणि दारू पोटात-अंगात एकत्र चालत नाही. हे पोरांसाठी नाही, पोरांच्या काकांसाठी.)

वारणेची_लेक | रविवार, रात्री १०:४५

सगळ्यांचं वाचलं. आजींचं मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण फोन माझ्या हातातून घेऊन पुन्हा एकदा स्वतः वाचला.

सासूबाई शुक्रवारी गेल्या नाहीत, धाकट्याचा ताप बघून पिशवी तशीच ठेवली. शनिवारी दुपारी पोरगं झोपल्यावर मी कॅलेंडर काढलं, ते दुकानाचं मोठं असतं ते, आणि विचारलं, आई, तुम्ही किती दिवस देऊ शकता? त्या आधी म्हणाल्या, "तू म्हणशील तसं." मी म्हटलं, तसं नको. मग त्यांनी चष्मा आणायला सांगितला.

भुरी-दावण्या भाऊ, तुम्ही म्हणालात तेच त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मंगळवारी जाणार. विरळणी संपली की डिसेंबरात येणार, संक्रांत करून परत. काढणीला बोलवायचं नाही, बेदाणा शेडवर गेला की पुन्हा आठ-दहा दिवस येतील, तेव्हा माझं इयर एंड असतं. म्हणजे माझं इयर एंड त्यांच्या लक्षात होतं. मी कधी तोंडानं सांगितलेलं नव्हतं.

त्यांच्या अटी पण निघाल्या. रविवारी पोरं त्यांच्याकडं नाहीत. त्यांना हरिपूरला संगमेश्वराला जायचं असतं आणि तिथून पुढं माधवनगरला बहिणीकडं. इतके दिवस रविवारी आम्ही दोघं "जरा बाजार करून येतो" म्हणून तीन-तीन तास जायचो, त्यामुळं त्यांचं हरिपूर राहून जायचं. दुसरी अट, पोरं भात खात नाहीत म्हणून मी ऑफिसातून फोन करून काय भरवायचं ते सांगायचं नाही. ही मला झोंबली जरा. पण ठीक आहे.

नवऱ्याशी बोलणं सोपं गेलं नाही. त्याला वाटत होतं आपण आईच्या गुडघ्यांचा विचार करतोय, बागेतलं काम सुटावं म्हणून. तो खोटं बोलत नव्हता, गुडघे खरंच दुखतात त्यांचे. पण त्याच गुडघ्यांनी धाकट्याला उचलून तीन मजले चढतात, लिफ्ट बंद असली की. हे मी म्हटल्यावर विषय थांबला.

या आठवड्याचं असं ठरलंय: सोमवार सासूबाई आहेतच. मंगळवार-बुधवार माझी रजा, साहेबांना सांगून टाकलं, चेहरा बघितला नाही, मेसेज केला. गुरुवारपासून नवरा सेकंड. त्यानं सुपरवायझरला विचारलंय, दिवाळीपर्यंत सलग सेकंड मिळेल. जुळ्यांचे बाबा, तुम्ही म्हणालात तसंच झालं, ज्याच्याशी बदलली त्यानं वर चहा पाजला.

जुळ्यांचा_बाप | रविवार, ११:३५

वही आणून ठेवा. चिठ्ठ्या हरवतात.

पाळणाघरवाली | सोमवार, दुपारी २:४०

मुलं झोपलीत म्हणून आत्ता वेळ मिळाला. मी कुपवाड रोडला पाळणाघर चालवते, जाहिरात करत नाही, म्हणून नाव लिहीत नाही. दोन ते सहासाठी ठेवणार असाल तर काय बघायचं ते सांगते.

आधी न कळवता दुपारी तीनला जाऊन बघा. सकाळी दहाला सगळी पाळणाघरं सुंदर दिसतात. टीव्ही चालू आहे का ते बघा. स्वयंपाकघर आणि मुलांची खोली यांच्यात दार किंवा फळी आहे का. एका बाईकडं किती मुलं, आणि ती बाई रजेवर गेली तर कोण. संडास मुलांच्या उंचीचा नसला तरी चालतो, पण लंगोट बदलायची जागा आणि जेवायची जागा वेगळी हवी. न्यायला कोण येणार त्यांचे फोटो मागतात का? न मागणाऱ्या ठिकाणी ठेवू नका. आमच्याकडं एकदा सख्खा काका आला होता, यादीत नाव नव्हतं, मी सोडलं नाही. आई रागावली, दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आली.

आणि पुरळ पूर्ण वाळल्याशिवाय आणू नका. सगळ्या आया "फक्त मच्छर चावलेत" म्हणतात.

पहिले आठ दिवस रडणार. तुम्ही दारात रेंगाळलात तर जास्त रडणार. पोर आजीच्या हाताला लागलेलं आहे, तर आजी गावाला जायच्या आत एकदा आजीबरोबरच घेऊन या, जागा बघू दे.

शंभरफुटी | सोमवार, ३:०५

हे सेव्ह केलं. आम्ही पहिल्यांदा ठेवलं तेव्हा यातलं एकही विचारलं नव्हतं, फक्त फी विचारली होती.

वारणेची_लेक | पुढचा शनिवार, रात्री १०:२०

थोडक्यात सांगते. धाकट्याचे फोड वाळले, खायला लागला. थोरलीचे पेपर झाले. मराठीच्या पेपरात "माझे कुटुंब" वर पाच ओळी होत्या, तिनं चार ओळी आजीच्या बागेवर लिहिल्यात आणि पाचवीत आम्हा तिघांना एकत्र घातलंय.

सोमवारी सासूबाई धाकट्याला घेऊन पाळणाघर बघून आल्या. लांबूनच, आत नेलं नाही, पुरळ होतं म्हणून. बाहेरून बघून म्हणाल्या, "खिडकी चांगली हाय." मंगळवारी गेल्या. जाताना पोरगं झोपलेलं होतं, त्यांनी मुद्दाम तीच वेळ निवडली. उठल्यावर दीड तास दार वाजवत होतं. रात्री बागेतून व्हिडिओ कॉल केला तर त्याला आजी नको होती, ट्रॅक्टर बघायचा होता.

नवऱ्याचे तीन दिवस झालेत. पहिल्या दिवशी बारा वाजता फोन: हा झोपतच नाही, आई काय करायची? मी म्हटलं, आईला विचार. त्यानं विचारलं. त्या छाटणीत होत्या, म्हणे थोपटू नको, शेजारी पडून राहा. बापच आधी झोपला. पाळणाघर सोमवारपासून.

हरभट_रोड | शनिवार, १०:५०

एक विचारू का, खोचकपणे नाही. सकाळचे डबे कोण करतंय? म्हणजे पोळ्या?

वारणेची_लेक | शनिवार, १०:५८

पोळ्या कोपऱ्यावरच्या मावशींकडून, भाजी मी रात्री करून ठेवते. काल डब्याला त्यानं उपमा केला होता. थोरलीनं अर्धा परत आणला, मोहरी जळली होती म्हणे. तुम्ही केला का फोन?

हरभट_रोड | शनिवार, ११:०४

केला. तासभर बोलली. चौघांपैकी मला तिनं आत्याकडं ठेवलं होतं म्हणे, पहिलीपर्यंत. मला आठवतच नव्हतं.

गावभागातली | शनिवार, ११:०६

उपम्याला मोहरी आधी तडतडू दे आणि मग गॅस बारीक, सांग त्याला.